पाइपची तंबाखू आणि स्थानिक दुकान : शब्द व व्यापार यांची साक्ष

महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत फेरफटका मारला, तर तंबाखू नाही असे दुकान विरळा. विडीचे कट्टे, सिगारेटची पाकिटे, चुन्यासह मळावयाची तंबाखू, दातांना लावावयाची मिश्री हे सारे तेथे हाताशी असते. तथापि पाइपमध्ये भरावयाची तंबाखू मागितली, तर दुकानदार बहुधा मान हलवितो. या अभावाची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात : पाइपची चाल मागे पडली, किंवा अलीकडील कायद्यांनी ती मागे पाडली. दोन्हींत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही कारणे असे गृहीत धरतात की, ही वस्तू पूर्वी स्थानिक दुकानात मिळत असे आणि पुढे नाहीशी झाली. या गृहीताचीच तपासणी येथे करावयाची आहे.

तंबाखूच्या दुर्मिळतेची हिंदुस्थानातील एक जुनी हकीकत दख्खनशी निगडित आहे. अकबराचा अधिकारी असद बेग हा १६०४ च्या सुमारास विजापूरच्या कामगिरीवरून परतला, तेव्हा त्याने तेथून तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी बादशहासाठी नेली. उत्तरेत ही वस्तू आपण पूर्वी पाहिली नव्हती, असे तो नमूद करतो. हकिमाने विरोध केला. बादशहाने थोडे झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. पुढे असद बेगने ती सरदारांना वाटली, त्यांच्याकडून मागणी आली आणि त्यानंतर व्यापारी ती विकू लागले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भेट, मग मागणी, मग दुकान. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. परंतु एकदा दुकानात शिरलेली वस्तू हुकुमाने बाहेर निघाली नाही. विजापूर हे पोर्तुगीजांच्या गोव्याचे शेजारी, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावी.

तंबाखू मराठी मुलखात रुजली तिची साक्ष भाषा देते. वस्तूचे नाव परके : पोर्तुगीज ‘तबाको’शी त्याचे नाते उघड आहे. दक्षिणेकडील भाषांनी वेगळा मार्ग धरला. कन्नड ‘होगेसोप्पु’, तेलुगू ‘पोगाकु’, तमिळ ‘पुगैयिलै’ या तिन्हींचा अर्थ ‘धुराचे पान’ असा आहे. मराठीने नाव उसने घेतले, पण वापराचे शब्द स्वतःच्या आणि ओळखीच्या भांडारातून उभे केले. ‘चिलीम’ फारसीतून आली, ‘हुक्का’ अरबीतून. ‘गुडगुडी’ हा पाण्याच्या आवाजावरून घडलेला अनुकरणवाचक शब्द होय. ‘गुडाखू’त गूळ आणि तंबाखू यांचा जोड दिसतो. ‘विडी’ तर तंबाखूहून जुनी : संस्कृत ‘वीटिका’ म्हणजे पानाचा विडा. नागवेलीच्या पानासाठी असलेले नाव टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेल्या तंबाखूला मिळाले. ‘चिरूट’ तमिळ ‘चुरुट्टु’पासून आला. या नावांभोवती क्रियापदांचे व उपकरणांचे लहानसे कुटुंब जमले : ओढणे, फुंकणे, मळणे, झुरका, थोटूक, छापी, चंची.

पाइपभोवती असे कुटुंब जमले नाही. ‘पाइप’ हा शब्द मराठीत प्रथम पाण्याच्या नळाची आठवण करून देतो. भरणे, दाबणे, कोरणे या पाइपच्या क्रियांना खास मराठी संज्ञा रूढ झाल्या नाहीत. येथे मात्र सावधगिरी हवी. शब्द नाही म्हणून वस्तू नाही, असा निष्कर्ष काढणे भाषाभ्यासकाला सोपे आणि म्हणूनच धोक्याचे असते. ‘सिगारेट’लाही मराठी नाव नाही, तरी ती प्रत्येक टपरीवर मिळते. तेव्हा नावाचे परकेपण हे कारण असू शकत नाही. सिगारेटने विडीचे झुरका, थोटूक इत्यादी शब्द आयते उचलले, कारण तिने विडीची जागाही आयती उचलली : एक नग विकत घ्यावा, काडीने पेटवावा, ओढून टाकावा. शब्दांचे हे स्थलांतर व्यवहाराच्या साम्यामागून आले.

म्हणजे मूळ प्रश्न विक्रीच्या एककाचा ठरतो. लहान दुकान सुट्या विक्रीवर चालते. विडी व सिगारेट महाराष्ट्रात २०२० पर्यंत सुटी विकता येत असे. मळावयाची तंबाखू पुडीत देता येते. चिलमीची तंबाखूही वजनावर विकली जाई. पाइपची तंबाखू या पद्धतीत बसत नाही. तिच्यात निरनिराळ्या पानांचे मिश्रण असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया पद्धतीचे पान, सायप्रस व सिरिया येथील लताकिया, लुईझियानातील पेरिक असे घटक देशोदेशींहून एकत्र येतात. शिवाय तिच्यातील ओलावा टिकावा लागतो. डबा उघडून सुटी विक्री केली, तर दख्खनच्या कोरड्या हवेत माल लवकर सुकतो. गिऱ्हाईक महिन्यातून एखादे, आणि तेही ठरावीक मिश्रणच मागणारे. अशा मालात पैसा अडकविणे छोट्या दुकानदाराला परवडणारे नव्हते.

पिकानेही या अभावाला हातभार लावला. निपाणी परिसरात व गुजरातेतील चरोतरात विडीची तंबाखू पिकली. गुंटूर भागात १९२० नंतरच्या दशकात व्हर्जिनिया पानाची लागवड वाढली, पण तिचा ओघ मुख्यतः सिगारेट व निर्यात यांकडे राहिला. शेत, वखार आणि दुकान यांची साखळी पाइपसाठी जुळलीच नाही.

मग ब्रिटिश अमदानीत पाइप ओढणाऱ्यांना तंबाखू मिळे कोठून? तिची वाट निराळी होती. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेले ‘आर्मी अँड नेव्ही’ भांडार सभासदांना माल पुरवी आणि टपालाने मागणीही स्वीकारी. अशी भांडारे, लष्करी छावण्या व क्लब हीच या वस्तूची ठिकाणे. बाजारपेठेतील वाण्याचे दुकान त्या वाटेवर नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक परवाना-पद्धत आली, तेव्हा ही अरुंद वाटही आक्रसली. उरलेल्या ७१५ प्रकारच्या वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. पण तोवर मागणीची पिढी बदलली होती. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी केली, आणि २००९ पासून वेष्टनावर सचित्र इशारा आवश्यक झाला. हा इशारा आयात मालासही लागू असल्याने अल्प खपाच्या परदेशी डब्यासाठी स्वतंत्र वेष्टन करणे क्वचितच किफायतशीर ठरते. तंबाखूची घातकता आज निर्विवाद आहे, त्यामुळे या कायद्यांचे प्रयोजन योग्यच होय. परंतु त्याच कायद्यांखाली विडी व सिगारेट टिकून आहेत, हे विसरता येत नाही.

यावरून असे दिसते की, स्थानिक दुकानातील पाइप-तंबाखूचा अभाव हा मुख्यतः ऱ्हास नव्हे. जे दुकानात कधी स्थिरावलेच नव्हते, ते तेथून गेले असे म्हणता येत नाही. कायदा व आयात-नियंत्रण यांनी आधीच असलेली पोकळी कायम केली, एवढेच. असद बेगच्या हकीकतीतील तीन पायऱ्यांपैकी भेट आणि थोडी मागणी पाइपलाही लाभली. तिसरी पायरी त्याने गाठली नाही. मराठीच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने कोशातील नोंदींबरोबर फळीवरचा मालही वाचावा, आणि ‘पूर्वी होते, आता नाही’ हे विधान करण्यापूर्वी ते पूर्वी कोणाच्या दारी होते, हे विचारावे. छावणीतील भांडार आणि पेठेतील दुकान यांची स्मृती एक मानली, तर थोड्यांची सोय साऱ्या समाजाचा इतिहास म्हणून नोंदली जाते.