चेतकचं इंजिन खोलायचंय? आधी तिचा इतिहास ऐका



गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. आजोबांची किंवा बाबांची चेतक पार्किंगमध्ये धूळ खात पडलीये, तिचं इंजिन घरीच खोलून बांधायचंय, तर हत्यारं कोणती घ्यायची? मी यादी देणारच आहे. पण त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूमागे इतिहास आहे आणि तो कळला की उगाच पैसे जात नाहीत.

सुरुवात इटलीतून. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ कंपनी विमानं बनवायची. तिचा पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर एन्रिको पियाजिओने स्वस्त दुचाकीचं काम कोराडिनो दास्कानिओकडे दिलं. हा माणूस विमानं आणि हेलिकॉप्टर बनवणारा. मोटरसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांवर उडतं, पंक्चर झालं की चाक काढणं त्रासाचं. मग त्याने साखळीच काढून टाकली. इंजिन, गिअर आणि मागचं चाक एकाच घट्ट गठ्ठ्यात बसवलं. पुढचं चाक विमानासारखं एकाच बाजूने धरलं. एप्रिल १९४६मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि ९८ सीसीची व्हेस्पा आली.

आता हत्यारांशी याचा संबंध बघा. सगळं एकाच गठ्ठ्यात असल्यामुळे इंजिन आटोपशीर झालं, पण आतल्या भागांपर्यंत साधा पाना पोचेना. क्लच धरणाऱ्या नटला षटकोनी डोकं नाही, वर खाचा आहेत. तो फक्त त्याच खाचांच्या खास बॉक्सने सुटतो. मॅग्नेटचं मात्र उलटं. व्हेस्पा घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांत मॅग्नेटच्या नटवर एक सर्क्लिप असते. नट सोडवत गेलात की तो तिला अडकतो आणि मॅग्नेटलाच बाहेर ओढतो. म्हणजे पुलर आतच बसवलेला! ती सर्क्लिप हरवली असेल तरच वेगळा पुलर लागतो. म्हणून आधी बघा, मग विकत घ्या.

हेच इंजिन आपल्याकडे आलं. १९६०च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१मध्ये तो करार संपला आणि १९७२मध्ये त्याच घराण्याची चेतक आली. परवाना राज होतं, किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काही जण तर दहा-दहा वर्षं. इतक्या वाटेने आलेली गाडी कोण बदलणार? ती दुरुस्तच व्हायची, पुन्हा पुन्हा.

माझ्या मते आपली गॅरेज संस्कृती इथेच घडली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे कंपनीची खास हत्यारं नसायची, पण काम तर अडायला नको. मग छिन्नी आणि हातोडी. माझ्या मामांच्या चेतकच्या क्लच नटवर चारही खाचांना छिन्नीचे घाव आहेत. गाडी त्या घावांसकट कित्येक वर्षं चालली, त्यामुळे त्या मेकॅनिकला नावं ठेवायला मी धजत नाही. तेव्हा पार्ट सहज मिळायचे, चूक परवडायची.

आज ती परवडत नाही. २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२०पासून रस्त्यावर दिसणारी चेतक इलेक्ट्रिक आहे, तिचा इथे उपयोग नाही. तुमच्या इंजिनचं ॲल्युमिनियमचं केसिंग दोन भागांचं असतं आणि ते दोन्ही भाग जोडीनेच मशीन केलेले असतात. दोन भागांच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलंत आणि एक भाग खराब झाला, तर दुसऱ्या गाडीचा अर्धा भाग आणून काम भागेलच असं नाही.

तर आता यादी. पैसे चार गोष्टींवर घाला: क्लच नटचा खाचांचा बॉक्स, मॅग्नेट आणि क्लच फिरू नये म्हणून धरायची पकड, चांगली सर्क्लिप पक्कड आणि छोटा टॉर्क पाना. छोटाच का? केसिंगच्या ७ मिलिमीटर बोल्टना साधारण १३ ते १५ न्यूटन मीटर ताण पुरतो. कारचा मोठा टॉर्क पाना एवढं कमी मोजतच नाही आणि ॲल्युमिनियममधले आटे जातात. ५ ते २५चा घ्या. याच नटांना ११चा पाना लागतो, तो रिंगचा आणि दर्जेदार हवा. नाशिकला बनणारा टापरियाचा सेट पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो. जुन्या बाजारातही पाने मिळतील, पण आधी तोंड पसरलंय का ते बघा. नट गोल झाला तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आणि काय घेऊ नका? बोअर करायचं यंत्र आणि क्रँक दाबायचा प्रेस. ही कामं लेथवाल्याकडे द्या. बेअरिंग ठोकूनही बसवू नका. केसिंग गरम करा, बेअरिंग फ्रीजमध्ये ठेवा, हलकेच बसतं.

खोलण्याआधी एवढं कराच: प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो. त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ही सोय नव्हती, सगळं डोक्यात ठेवावं लागायचं.

तुमच्या गाडीचं काम कुठवर आलं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!