दिल्ली ते मुंबई : अंतर आणि अवधी

कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात गावाकडचे कोणी उतरले, की आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी प्रथम विचारतो : प्रवास कसा झाला? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या मार्चमध्ये मराठवाड्यातील परतूरहून निघाली; ती दिल्लीस पोहोचावयास ऑगस्ट उजाडला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अनर्थ ओढवला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता भेलशाच्या परिसरात मिळाली, तोपर्यंत सुमारे दहा दिवस लोटले होते. कुमक पाठविण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. अंतराची खरी किंमत कोसांत नव्हे, अशा दिवसांत मोजावी लागते.

आगगाडीने हे दिवस कमी केले. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल मुंबईहून दिल्लीमार्गे पेशावरला जात असे. १९७२ मध्ये राजधानी एक्सप्रेस आली आणि मुंबई-दिल्ली हा १,३८४ किलोमीटरचा लोहमार्ग सुमारे एकोणीस तासांवर आला.

या इतिहासातील एक प्रकरण मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. प्रवासीही त्यांतून जात. दिल्ली-मुंबई हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. नागपूरमार्गे ते जवळजवळ चारशे किलोमीटरांनी वाढे. तरीही हा वळसा फायद्याचा ठरला, कारण त्याने रात्रीचा निजेचा वेळ कामी लावला. त्याच वर्षी साधी पत्रेही जादा हशील न घेता विमानाने जाऊ लागली. चार महानगरांचा सांधा महाराष्ट्राच्या भूमीवर जुळत होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

आज दिल्लीहून मुंबईचे उड्डाण सुमारे सव्वादोन तासांचे आहे. तारेने मृत्यूची वार्ता कळत असे, परंतु गाडीने जाऊन अंत्यदर्शन घडेलच याची शाश्वती नसे; आमच्या आधीच्या पिढीने हे दुःख मुकाट्याने सोसले. आता सकाळी निरोप आला, तर संध्याकाळच्या आत आईच्या उशाशी बसता येते.

परंतु ही सोय आपल्यावर एक जबाबदारीही टाकते. पूर्वी घरी न जाण्यास अंतर हे खरे कारण होते. आता ते कारण पुष्कळसे उरलेले नाही. पत्र धाडणे, भेटीस जाणे, मुलांना आजोळ दाखविणे, हे यापुढे आपल्या इच्छेवरच अवलंबून राहणार आहे. मुंबई जवळ आली. आपणही तिच्याकडे चार पावले चालून गेले पाहिजे.