बंबवाल्याचे मन

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचे जहाज धक्क्याला लागलेले होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. शहाणा माणूस रॉकेलच्या डब्याशेजारी चूल मांडत नाही. पण युद्धाचे दिवस, जहाजांची वानवा, मिळेल त्या जागेत मिळेल तो माल भरला जाई. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब धावले, दोन तास पाण्याचे लोट जहाजात ओतले गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीच्या मनोऱ्यावरील घड्याळ त्याच क्षणी थांबले. सिमल्याच्या भूकंपमापकावरही तो हादरा उमटला. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. आगीशी झुंजणारे अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी प्राणास मुकले.

जे उरले, त्यांनी पुन्हा नळ्या हाती घेतल्या. आग काही तासांत विझणारी नव्हती. स्फोटाने उडून दूरवर पडलेल्या सोन्याच्या लगडींची गोष्ट मुंबईत पुढे कित्येक वर्षे चवीने सांगितली गेली. वाचलेल्या जवानांना रात्री झोप लागते की नाही, ही गोष्ट फारशी कोणी विचारली नाही. त्या काळी भाजलेल्या कातडीला मलम होते. भाजलेल्या मनाला ‘धीर धर’ एवढेच औषध!

ही समजूत एकट्या मुंबईची नव्हती. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत, मुके होऊन परतलेल्या सैनिकांविषयी १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द छापील लेखात वापरला. शब्द रूढ झाला, पण त्याने घोटाळाही केला. कारण तोफेचा गोळा जवळ न फुटलेली माणसेही तशीच खचत होती. मायर्सला पुढे त्या शब्दाचा पश्चात्ताप झाला. ब्रिटिश सैन्याने मात्र पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली कित्येकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले.

या अंधारात एक समंजस माणूस उभा होता. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा मूळचा वैद्य आणि मानववंशशास्त्राचा अभ्यासक. निलगिरीच्या तोडा जमातीवरील त्याचा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला होता. परक्या माणसाचे बोलणे त्याच्या परीने समजून घेण्याची ही सवयच त्याला एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयात उपयोगी पडली असावी. रुग्ण अधिकाऱ्यांना ‘विसरून जा’ म्हणणे घातक आहे, दाबलेली आठवण रात्री स्वप्नात परतते, असे त्याने १९१७ साली मांडले. पण त्याच दमात त्याने असेही बजावले, की आठवणींत अष्टौप्रहर बुडून राहणेही तितकेच वाईट. हा दुसरा इशारा पुढे सोयिस्करपणे विसरला गेला.

मुंबईत गोदी जळाली त्याच १९४४ साली अमेरिकेत एरिक लिंडेमन याचा शोकावरील निबंध प्रसिद्ध झाला. बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या रात्रविहारगृहाला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे दगावली होती. ‘आपण वाचलो, तो का वाचला नाही?’ हा अपराधी भाव जिवंत राहिलेल्यांना कसा पोखरतो, हे त्याने रुग्णांजवळ बसून टिपले. हाच प्रश्न गोदीतून परतलेल्या कोणा जवानाच्या मनात उठला नसेल, असे कसे म्हणावे?

खुद्द आग विझविणाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास व्हायला आणखी चाळीस वर्षे गेली. १६ फेब्रुवारी १९८३ च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यांत ७५ जण मरण पावले. अलेक्झांडर मॅक्फार्लेन यांनी वणव्याशी झुंजलेल्या ४६९ जणांकडे चार, अकरा आणि एकोणतीस महिन्यांनी विचारणा केली. काहींचा त्रास आरंभीच दिसला. काहींचा कित्येक महिन्यांनी उफाळला. सगळा धोका सरला, दलाच्या खात्यावर घटना बंद झाली, आणि तेव्हा कुठे हात कापू लागले!

त्याच वर्षी पूर्वी बंबावर काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी अमेरिकेत एक उपाय पुढे आणला. घटनेनंतर एकदोन दिवसांत साऱ्या तुकडीला एकत्र बसवून प्रत्येकास बोलते करायचे. उपाय झपाट्याने पसरला. परंतु अपघातग्रस्तांवरील पुढच्या पाहण्यांनी अशा एकाच बैठकीचा लाभ दाखविला नाही. काहींना उलट अपायच झाल्याचे आढळले. ताजी जखम घाईने उकरणे म्हणजे मलमपट्टी नव्हे. रिव्हर्सचा विसरलेला इशारा असा ऐंशी वर्षांनी परत आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दिलेली पुस्तिका म्हणूनच वेगळा मार्ग सांगते: आधी सुरक्षितता, पाणी, विश्रांती, घरच्यांशी संपर्क, बोलण्याची सक्ती नाही, बोलू पाहणाऱ्याचे मात्र ऐकावे.

ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये १९९० नंतरच्या दशकात याच्याशी जुळणारी रीत सुरू झाली. तेथे हे काम परक्या तज्ज्ञाकडे न देता शिकवून तयार केलेल्या सोबत्याकडेच देतात. तो तीन दिवसांनी एकदा भेटतो आणि महिन्याने पुन्हा येऊन तेच साधे प्रश्न विचारतो: झोप कशी आहे, दारू वाढली आहे काय, घरी कोणावर संताप होतो काय. दोन्ही वेळची उत्तरे तो शेजारी ठेवून पाहतो. त्रास कमी झालेला नसेल, तर डॉक्टरकडे पाठवितो.