कामावरून गावाचा माग

आज आपण एका साध्या प्रश्नावर बोलणार आहोत. आपल्या घराण्याचा पहिला माणूस या गावात कुठून आला? शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न विचारला की एकच उत्तर मिळतं, "आमचे लोक वरून आले" किंवा "पोटासाठी आले, मग इथलेच झाले." वरून म्हणजे कुठून आणि पोटासाठी म्हणजे कोणत्या कामाला, हे कुणी पुढं विचारत नाही. पण ते काम कळलं, तर गावाचा माग लागतो.

कागद का सापडत नाही, ते आधी बघू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या मजुराला सही येत नव्हती. जमीन नव्हती, म्हणून तलाठ्याच्या दप्तरात नाव नव्हतं. शाळेत गेला नाही, म्हणून तिथंही नाव नाही. जिथं नाव लिहिलं गेलं, तिथंही दुसऱ्यानं आपल्या मनानं लिहिलं.

मॉरिशस बेटावरच्या मराठी लोकांचं बघा. १८३४ पासून इंग्रज सरकारनं करारावर मजूर नेले, ते उसाच्या मळ्यांत राबायला. हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, मुख्यतः रत्नागिरीकडची. कारकुनानं प्रत्येकाला नंबर दिला आणि नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण आणि गाव लिहून घेतलं. पुढं बऱ्याच घरांत बापाचं किंवा आजोबाचं नावच आडनाव झालं आणि गावाकडचं आडनाव मागं पडलं. गावाचं नाव ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलं. आज तिथला नातू ती नोंद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत बघू शकतो, पण नोंदीतलं गाव नकाशावर सापडेलच असं नाही. मग आधार कशाचा? घरात राहिलेल्या गोष्टींचा. तिथले मराठी लोक गणपतीत झाकरी नाचतात. आपल्या कोकणात तोच नाच जाखडी म्हणून ओळखला जातो. कागदावरचं गाव पुसट झालं, पण पायातल्या नाचानं कोकणाची दिशा दाखवली.

आता आपल्या तालुक्यांत येऊ. आपली माणसं समुद्रापार गेली नसतील, पण कामासाठी हललीच. त्या कामांत तीन तऱ्हेच्या खुणा सापडतात.

पहिली खूण म्हणजे समाजाचं नाव. कातकरी हे नाव काताच्या धंद्यावरून पडलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, ते पाणी आटवून घट्ट करायचं आणि त्याच्या वड्या पाडायच्या. विड्यात लागणारा कात तो हाच. मग इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा केला. जंगल राखीव होत गेलं आणि खैर तोडणं गुन्हा ठरू लागलं. धंदा सुटला आणि माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. पुढं ती वीटभट्टीवर गेली. दिवाळीनंतर घर बंद करून भट्टीवर जायचं आणि पावसाळ्याआधी परतायचं, हे आजही चालू आहे. म्हणून एखाद्या आजीनं सांगितलं की "आमचा आजा खैराच्या रानात असायचा", तर ते रान कोणतं होतं, कोणत्या डोंगराच्या अंगाला होतं, हे विचारायचं. ते रानच तिचं मूळ गाव आहे.

दुसरी खूण म्हणजे घरातली बोली. दगड फोडणं, माती खणणं ही वडार समाजाची पिढीजात कामं. रस्ते, रेल्वे, धरणं, जिथं काम निघालं तिथं हा समाज गेला. बाहेर ते मराठी बोलतात, पण घरातली बोली तेलुगूला जवळची आहे. एकही कागद नसला तरी चुलीपुढची ती बोली सांगते की वाडवडील तेलंगणा-आंध्राच्या बाजूनं आले.

तिसरी खूण म्हणजे काळ. आपल्या आजीला सन ठाऊक नसतो, पण "तेव्हा काय चाललं होतं" हे ठाऊक असतं. आपल्याकडची मोठी कामं आणि मोठी संकटं हीच आपली दिनदर्शिका. रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आली, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचली आणि थळ घाट फोडून १८६५ मध्ये इगतपुरीला गेली. त्यामुळं "घाट फोडायच्या कामाला आले" असं घरात सांगत असतील, तर ते साल १८६५ च्या आधीचं. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं. मुंबईत प्लेग शिरला १८९६ मध्ये आणि किती तरी माणसं शहर सोडून गावाकडं पळाली. मानमोडीची साथ १९१८ ची. मोठा दुष्काळ १९७२ चा. आजीच्या गोष्टीत यांतलं काही आलं, की गोष्टीला सन मिळतो.

मुरबाडच्या बायांना आणखी एक वाट माहीत आहे, ती नाणेघाटाची. वैशाखऱ्याकडून चढणारी ही वाट जुन्नरला जाते. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं व्यापाऱ्यांचे तांडे जात. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. माल याच वाटेनं जायचा आणि माणसंही याच वाटेनं यायची. म्हणून मुरबाडच्या एखाद्या घराचं कुलदैवत घाटावर निघालं, तर "वरून आले" या शब्दांना अर्थ येतो. लग्नानंतर जोडपं कोणत्या देवाला नेतात, देवक कशाचं पूजतात, हे नक्की विचारा. माणूस गाव सोडतो, पण देव सहसा सोडत नाही.

हे सगळं कुणाला आठवतं? बाईला. पुरुषांच्या वंशावळीत बापाचं नाव येतं आणि त्याच्या बापाचं येतं. आईचं माहेर येत नाही. ते येतं जात्यावरच्या ओवीत. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बायांनी आपली माहेरं, वाटा आणि यात्रा जात्याशी बसून जपल्या होत्या, म्हणून त्या मिळाल्या.

तुम्ही म्हणाल, हे कळून आमचा काय फायदा? फायदा मोठा आहे. जातीच्या दाखल्याला वाडवडील ठरलेल्या तारखेआधी कुठं राहत होते, त्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे. जमातीच्या पडताळणीत चौकशीची वेळ आली तर बोली, रूढी आणि देवदेवता विचारतात. ज्या घरात पणजोबा कुठल्या गावाहून आले हेच ठाऊक नाही, त्या घरातल्या मुलीनं जुना कागद शोधायचा तरी कोणत्या गावात? कॉलेजची जागा अशा वेळी हातची जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याचंही तसंच. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. नियमांत जो पुरावा चालतो, त्यात जुन्या नोंदींशी जुळणारी वंशावळ आहे, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जुन्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे म्हातारीचं सांगणं हा कायद्यानं मानलेला पुरावा आहे. पण ते लिहून घेतलेलं हवं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही वेगळी काढा. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं, सासूशी आणि आईशीही. विचारायचं ते असं. पहिला कोण आला? कोणत्या कामाला आला? तेव्हा गावात किंवा मुलखात काय चाललं होतं? बरोबर कोण कोण होतं? कुलदैवत कुठलं? मुली कोणत्या गावांत दिल्या आणि सुना कुठून आणल्या? दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. आपल्या मनानं एक खोडू नका. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि लिहिल्याची तारीख खाली घाला.

मग कागदाकडं वळा. गाव कळलं असेल तर त्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा मागा. तहसील कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी नोंद आणि जमिनीचे जुने फेरफार मागा. गोष्ट आणि कागद जुळले की पुरावा पक्का झाला. जुळले नाहीत तर शेजारच्या गावात बघा, कारण आजी बहुतेकदा बाजाराच्या गावाचं नाव सांगते आणि वाडी त्याच्या पलीकडं असते.

दप्तरातला कागद आणखी दहा वर्षांनीही तिथंच असेल. आजी असेलच असं नाही. म्हणून मैत्रिणींनो, आधी तिच्याकडं जा.