मस्कारपोनेला पर्याय कोणता?
मस्कारपोने हे उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांताचे मऊ चीज. तिरामिसूच्या पाककृतीत ते हमखास असते. लहान शहरांतील दुकानांत मात्र क्वचितच मिळते, आणि मिळाले तरी महाग. पर्याय निवडण्यापूर्वी ते दुधाचे नसून क्रीमचे असते, हे ध्यानात घ्यावे. तापलेल्या क्रीममध्ये सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालून ते दाट करतात व कापडातून निथळतात. त्यात विरजण नसते. म्हणूनच त्याची चव गोडसर लागते.

श्रीखंडाचा चक्का दिसायला त्याच्या जवळ जातो, पण आंबट असतो आणि उकळत्या सॉसमध्ये फाटतो. थंड, गोड पदार्थांत तो चालेल. मात्र दही ताजे हवे आणि चक्क्यात थोडे फेटलेले क्रीम मिसळावे. क्रीम चीज खारट व अधिक घट्ट. तेही क्रीमने सैल करावे. पनीर कितीही वाटले तरी कणीदार राहते. ते रिकोटाच्या जागी शोभेल, येथे नाही.

सर्वांत जवळचा पर्याय घरीच होतो. २५ टक्के स्निग्धांशाचे अर्धा लिटर क्रीम मंद आचेवर सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. उकळू देऊ नये. त्यात १ मोठा चमचा लिंबाचा रस घालून काही मिनिटे ढवळावे. क्रीम पनीरच्या दुधासारखे फाटत नाही, फक्त चमच्याला धरण्याइतके दाट होते. काहीतरी बिघडले असे समजून अनेक जण येथे आणखी लिंबू पिळतात; ते टाळावे. गार झाल्यावर मलमलच्या कापडात घालून फ्रिजमध्ये रात्रभर निथळत ठेवावे आणि ३ ते ४ दिवसांत संपवावे.