‘काय’ आणि ‘कसे’ : रिलेशनल डेटाबेसच्या मंदगतीची चिकित्सा

काय हवे ते सांगणे आणि ते कसे मिळवावे ते सांगणे, या दोन भिन्न भाषिक कृती होत. रिलेशनल डेटाबेसचा उदय या भेदातून झाला. आणि त्याच्या मंदगतीची चिकित्सा करण्याचे शास्त्रही याच भेदातून जन्मास आले.

१९६० नंतरच्या दशकातील डेटाबेसमध्ये नोंदी परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या असत. कोणत्या नोंदीपासून निघावे व कोणत्या दुव्याने पुढे जावे, हे प्रोग्रॅमरला स्वतःच लिहावे लागे. चार्ल्स बाकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा दिली, ती यामुळेच. मार्ग त्याचा असल्याने विलंबाचा दोषही त्याच्याच लेखनात शोधावा लागे.

आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात निराळी भूमिका मांडली. माहिती कोष्टकांच्या रूपाने पाहावी आणि तिची अंतर्गत रचना वापरणाऱ्यास जाणून घ्यावी लागू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी या विचारावर ‘सीक्वल’ ही भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल झाली. या भाषेतील प्रश्नात ‘काय’ असते, ‘कसे’ नसते. त्याच वर्षी अ‍ॅन आर्बर येथे कॉड आणि बाकमन यांचा जाहीर वादविवाद झाला. जाणत्या प्रोग्रॅमरच्या तोडीचा मार्ग यंत्राला निवडता येईल काय, ही त्या काळातील मूलभूत शंका होती.

तिला उत्तर आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पाने दिले. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ऑप्टिमायझरची पद्धती प्रसिद्ध केली. निरनिराळ्या मार्गांनी डिस्कवरील किती पाने वाचावी लागतील आणि प्रक्रियेस किती श्रम पडतील, याचा अंदाज करून अल्पतम खर्चाचा मार्ग निवडावयाचा, हे तिचे सार. या अंदाजास आधार आकडेवारीचा : कोष्टकात ओळी किती, पाने किती, इंडेक्समध्ये भिन्न मूल्ये किती. जेथे माहिती नसे तेथे ठरीव अपूर्णांक धरला जाई. इंडेक्स नसलेल्या स्तंभावर समानतेची अट असल्यास १/१०. ‘आणि’ने जोडलेल्या अटींचे अपूर्णांक परस्परांनी गुणले जात. शिवाय, प्रत्येक बदलासरशी आकडेवारी अद्ययावत केल्यास इतरांची कामे खोळंबली असती; म्हणून ती वेगळ्या आज्ञेने अधूनमधून नवी करण्याची योजना होती.

या दोन सोयींतच पुढील दोन व्याधींचे बीज होते. पहिली, शिळी आकडेवारी. दुसरी, अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक. समजा, १,००,००० ओळींच्या कोष्टकात सातारा जिल्ह्याच्या १०,००० आणि त्यातील वाई तालुक्याच्या १,००० ओळी आहेत. ‘जिल्हा सातारा आणि तालुका वाई’ या प्रश्नाचे खरे उत्तर १,००० ओळी. गुणाकाराने मात्र १/१० गुणिले १/१००, म्हणजे केवळ १०० ओळी येतात. वाई साताऱ्यातच आहे, हे यंत्रास ठाऊक नसते. ओळी थोड्या समजून ते प्रत्येक ओळीमागे दुसरे कोष्टक धुंडाळण्याचा मार्ग पत्करते, आणि ओळी प्रत्यक्षात पुष्कळ निघाल्या की काम रेंगाळते. अशी चूक कोष्टकांच्या जोडण्यांबरोबर घातांकी गतीने वाढू शकते, हे योआनिडिस व ख्रिस्तोदुलाकिस यांनी १९९१ मध्ये दाखविले.

म्हणून चिकित्सकाचे मुख्य साधन ठरले ते ‘एक्सप्लेन’. या आज्ञेने यंत्राने निवडलेला मार्ग दृष्टीस पडतो. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत ‘अ‍ॅनालाइझ’ची जोड दिली म्हणजे अंदाजित व प्रत्यक्ष ओळी शेजारी शेजारी वाचता येतात, त्या जेथे प्रथम फारकत घेतात, तेथे व्याधीचे मूळ शोधावे. उपाय दोन प्रकारचे. ओरॅकलमध्ये प्रश्नासोबत मार्गाची सूचना देता येते. परंतु ती लिहावयाची ती टिप्पणीच्या चिन्हांत, जणू भाषेच्या व्याकरणात ‘कसे’ला अधिकृत स्थानच नाही! उलट, पोस्टग्रेसच्या २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून स्तंभांचे परस्परावलंबन आकडेवारीत नोंदविता येऊ लागले. पहिला उपाय नावाड्यास परत बोलावतो. दुसरा यंत्राचे अज्ञान दूर करतो. माहिती वाढली तरी सूचना तशीच राहते, म्हणून दुसरा उपाय अधिक टिकाऊ होय.

व्हिक्टर लाइस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चित्रपटविषयक वास्तव माहितीवर अनेक प्रणालींची परीक्षा केली. निकृष्ट मार्गांस खर्चाच्या सूत्रांपेक्षा ओळींचे चुकीचे अंदाजच अधिक कारणीभूत असल्याचे त्यांना आढळले. यावरून १९७४ च्या वादाचा निवाडा काहीसा निराळा लागतो. मार्ग निवडण्याची कला यंत्रास साधली. उणीव राहिली ती माहितीच्या स्वरूपाच्या ज्ञानात. ते ज्ञान पुरविणे, हेच ट्यूनिंग करणाऱ्याचे खरे कार्य होय.