कर्नाळ्याच्या पायथ्याचे एक घर
(वासुदेव बळवंत व गोपिकाबाई फडके)

आपल्या ज्ञातीत कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस जुनी आहे. गोत्र, प्रवर, मूळ गाव, इनामे, नोकऱ्या, सारे काही कष्टाने जमविलेले त्यांत सापडते. मात्र घरातील स्त्रियांची हकीकत बहुधा एका ओळीतच आटोपते : अमक्याची पत्नी, अपत्ये इतकी. ज्या घराचे नाव सर्व हिंदुस्थानास ठाऊक झाले, अशा आपल्याच पंचक्रोशीतील एका घराची हकीकत याच दृष्टीने यंदाच्या स्मरणिकेत सादर करीत आहे.

आम्हा मोरेकरांना हे घर परके नाही. एकोणिसाव्या शतकात उरण महाल पनवेल तालुक्यात मोडत असे. तेव्हा मोरा बंदर आणि शिरढोण ही दोन्ही एकाच तालुक्याची. पनवेल सोडून दक्षिणेस निघाले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका समोर उभा राहतो, आणि त्याच्याच छायेत शिरढोण हे गाव लागते. तेथील फडक्यांच्या घराण्यातील अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. सन 1818 च्या आरंभी कर्नल प्रॉथरच्या फौजेने किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली; राहिले ते घर, थोडीशी शेती आणि मुलानातवंडांना सांगावयाची गोष्ट. त्या घरी बळवंतराव व सरस्वतीबाई यांच्या पोटी 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव जन्मले.

पुढील काही वर्षांची कथा आपल्यापैकी शेकडो घरांची म्हणून चालेल. मुलाने कल्याणास शिकावे, चार अक्षरे इंग्रजी यावी, मुंबईस कोठेतरी चिकटावे, आणि सणावाराला गावी यावे. वासुदेवरावांनीही रेल्वे कंपनीत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि शेवटी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. याच शेवटल्या नोकरीने त्यांना पुण्यास नेले. सईबाईंशी संसार थाटलेला होता. बंडाचे नाव त्या घरात कोणी काढले नसेल.

ठिणगी पडली ती घरातूनच. सन 1870 च्या सुमारास शिरढोणास मातोश्री अत्यवस्थ असल्याचे कळले. वासुदेवरावांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. रजेची वाट न पाहता ते निघाले, परंतु पोहोचेपर्यंत आई गेली होती. पुढील वर्षी श्राद्धासाठीही रजा नाकारण्यात आली. परक्या सरकारची चाकरी म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही व्याख्यानाआधी आईच्या मृत्यूने शिकविले. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांची स्वदेशीवरील व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि मनातील दुःखाला दिशा मिळाली.

सईबाई अकाली निवर्तल्या. सन 1873 च्या सुमारास गोपिकाबाई या घरात सून म्हणून आल्या. वयाने लहान, अक्षरओळख नाही. त्या काळच्या चालीस धरूनच सारे. चाल मोडली ती पतीने. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून आलेला हा गृहस्थ रात्री पत्नीस लिहावाचावयास शिकवी. पुढे तिला घोड्यावर बसणे व शस्त्र धरणेही शिकविले, असे सांगतात. बायकोच्या हाती पाटी देणे हाच ज्या काळी टवाळीचा विषय होता, त्या काळची ही गोष्ट आहे. आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह वासुदेवरावांचे नाव घेतले जाते. बाहेर सांगितलेले त्यांनी घरातही आचरिले, हे विशेष.

सन 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. गावोगावची उपासमार डोळ्यांनी पाहिल्यावर वासुदेवरावांचा निश्चय झाला. फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांनी संसाराचा निरोप घेतला आणि रामोशी साथीदारांसह पुणे जिल्ह्यातील धामारी गावी पहिला छापा घातला. लग्नास तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने पळस्प्यावर छापा घातला. पळस्पे शिरढोणच्या अगदी शेजारचे. म्हणजे बंड आता माहेरघराच्या दारात येऊन ठेपले. सरकारने बक्षीस लावलेल्या माणसाच्या घरी त्या दिवसांत कशी दृष्टी वळत असेल, कोण येईनासे झाले असेल, हे वाचकांनी आपल्या मनाशी ताडावे.

20 जुलै 1879 रोजी देवर नावडगी येथे वासुदेवराव पकडले गेले. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बचावास उभे राहिले. शिक्षा झाली ती आजन्म काळ्या पाण्याची, रवानगी एडनला. तेथून ऑक्टोबर 1880 मध्ये त्यांनी तुरुंग फोडून पळ काढला, पण लवकरच ते पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. सरकारी दप्तरात दोन्ही नोंदी झाल्या.

गोपिकाबाईंची नोंद मात्र अशा दप्तरात होत नसते. पतीचे आत्मवृत्त व रोजनिशी कोर्टात पुरावा म्हणून दाखल झाली. त्यांचे छापे, त्यांच्यावरील बक्षीस, त्यांचा तुरुंग, सर्व लिहिले गेले. पतीने शिकविलेली अक्षरे जवळ बाळगून या बाईंनी वैधव्याची दीर्घ वर्षे काढली. पती हयात असतानाही सुमारे तीन वर्षे त्यांनी समुद्रापलीकडच्या माणसाच्या नावाने कुंकू लावले. एका रात्रीत मृत्यू येणे आणि दररोज वाट पाहणे, यांत कठीण काय, हे ज्यांच्या घरी कोणी परत आले नाही त्यांनाच ठाऊक.

आज शिरढोणास वासुदेव बळवंतांचे स्मारक आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तेथे मस्तक नमवावे आणि सईबाई व गोपिकाबाई यांचेही स्मरण करावे. राष्ट्रासाठी एकाने घर सोडले, तेव्हा कोणीतरी ते घर धरून ठेवले, हे विसरता कामा नये.

शेवटी संघाच्या सभासद कुटुंबांस एकच विनंती. प्रत्येक घरी आजी-पणजींचे माहेरचे नाव, त्यांचे गाव, त्या लिहावाचावयास केव्हा व कोणाकडून शिकल्या, घरधनी परगावी वा परलोकी गेल्यावर संसार कोणी व कसा रेटला, एवढे तरी एका कागदावर लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम होईल. वंशवृक्षाच्या फांद्या आपण मोजल्या. मुळांना पाणी कोणी घातले, तेही लिहून ठेवणे आपले कर्तव्य आहे.